चुरीचे मोल

पांढुर्णा हे नाव वर्षातून एकदा देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकते, ते दगडांमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्ण्याचे आणि दुसऱ्या काठावर सावरगावचे लोक उभे राहतात, गोटमार होते, कित्येक जण जखमी होतात, आणि मग पुढल्या पोळ्यापर्यंत बाहेरच्या जगाला ह्या गावाची आठवणही राहत नाही. ह्या मुलखात पिढ्यान् पिढ्या नांदलेल्या आम्हां मराठी कुटुंबांचे पांढुर्णे मात्र निराळे आहे. ते पाहावयाचे तर पोळ्याला न येता कार्तिक सरता सरता यावे. तुळशीची लग्ने आटोपलेली असतात, पहाटे अंगावर शाल ओढून घ्यावीशी वाटते, कपाशीची बोंडे फुटून शेते पांढरी झालेली असतात, आणि बाजाराच्या दिवशी गावाकडे येणाऱ्या वाटांवर संत्र्यांचा वास दरवळत असतो.

इंदूर, जबलपूर, बडोदे वा हैदराबाद येथील वाचकांच्या घराण्यांत ‘आमचे पूर्वज अमुक सरदाराबरोबर इकडे आले’ अशी काही तरी हकीकत असते. पांढुर्णा आणि सौंसर ह्या टापूतील मराठी माणसाला तशी हकीकत सांगता येत नाही. आम्ही जागचे हललो नाही. सीमा मात्र आमच्या दक्षिणेला आखली गेली. हा मुलूख १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा होता. त्यापूर्वीच्या काळात येथे देवगडच्या गोंड राजांची सत्ता होती, आणि त्यांच्यापैकीच बख्त बुलंद शहाने १७०२ मध्ये नागपूर शहर वसविले. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर. स्वातंत्र्यानंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानीही प्रथम नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि आमची राजधानी एका रात्रीत भोपाळ झाली. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाड्यातून पांढुर्णा व सौंसर हे तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला. तेव्हापासून कचेरी घराजवळ आली खरी. परंतु कचेरीचे तोंड भोपाळकडे आणि बाजाराचे तोंड नागपूरकडे, ही जुनी रीत काही बदललेली नाही.

तेव्हा आज वाचकांना आम्ही घेऊन जाणार आहोत ते ह्या बाजारात. जाण्यास निमित्तही तसेच घडले. दिवाळीला इंदुराहून आलेला आमचा नातू सुटी संपली तरी काही दिवस रेंगाळला होता, आणि ‘संत्री कोठून येतात’ ह्या त्याच्या प्रश्नाला ‘चल, दाखवितो’ असे उत्तर आम्ही देऊन बसलो होतो.

आठवडी बाजार सकाळी आठाला भरू लागतो, पण त्याचा खरा जीव दुपारी असतो. शेतमजुरांना मजुरी मिळते ती बाजाराच्या दिवशी; म्हणून त्या दिवशी शेतावर खाडा असतो, आणि कापूस वेचणाऱ्या बायाबापड्या हातात आठवड्याची कमाई घेऊन दुपारून बाजारात येतात. तेलमीठ, मिरची, पोरांना भातुके, एखादी बांगडी, असा त्यांचा बाजार असतो. ज्यांना ताजा माल निवडून घ्यावयाचा त्यांनी सकाळी जावे. ज्यांना बाजार पाहावयाचा त्यांनी दुपारी. आम्ही सकाळी गेलो आणि दिवेलागणीपर्यंत राहिलो. हे राहणे आम्हांस काय शिकवून गेले, ते पुढे येईलच.

ताडपत्र्यांची पाले लागत होती. कोणी बैलगाडीने, कोणी मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना पोती बांधून, कोणी डोक्यावर टोपली घेऊन येत होते. जमिनीवर गोणपाट अंथरून त्यावर मालाचे ढीग मांडावयाचे, थोडे पाणी शिंपडावयाचे, तागडी पुढे घ्यावयाची, आणि भवानी होईपर्यंत कोणाशी भावावरून वाद घालावयाचा नाही, हा शिरस्ता. पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे कपाळाला लावूनच कनवटीस जातात.

नातवाची पहिली फजिती झाली ती एका भाजीवाल्या मावशींपुढे. त्यांनी विचारले, “भाऊ, सांबार देऊ का?” नातू चकित. त्याच्या लेखी सांबार म्हणजे इडलीबरोबर वाटीतून येणारा पदार्थ. मावशींनी कोथिंबिरीची जुडी उचलून दाखविली तेव्हा तो म्हणाला, “ये तो हरा धनिया है!” आम्हांस हसू आले, तसेच थोडे वाईटही वाटले. पण त्या बिचाऱ्या मुलाला तरी काय बोल लावावा? पुण्याहून आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांचीही हीच गत होते. येथे टोमॅटोंना भेदरे म्हणतात, चवळीच्या शेंगांना बरबटी, भुईमुगाच्या शेंगांना फल्ली, बटाट्याला आलू, वालाच्या जातीतील एका शेंगेला पोपटाच्या शेंगा, आणि तुरीच्या कोवळ्या हिरव्या दाण्यांना सोले. हे शब्द पुण्याच्या पाठ्यपुस्तकात नाहीत आणि भोपाळच्याही नाहीत. आमच्या टापूतील आजची बहुतेक मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात. घरी मराठी बोलली जाते, पण घरातल्या मराठीला कोथिंबिरीच्या जुडीची गरज आठवड्यातून एकदाच पडते, आणि ती जुडी दुकानातून आली तर तिच्याबरोबर तिचे नाव येत नाही. बाजारात ते येते. त्याच मावशी शेजारच्या गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलत होत्या, पलीकडच्या बाईशी पवारीत, आणि डोंगराकडून आवळे घेऊन आलेल्या गोंड म्हाताऱ्याशी त्याच्या बोलीतले दोन शब्द टाकून. भाषेचा अभिमान वगैरे त्यांना ठाऊक नव्हते. गिऱ्हाईक ज्या भाषेत भाव विचारील त्या भाषेत त्या भाव सांगत होत्या. नातवाने भाव हिंदीत विचारला, तर त्यांनी हिंदीतच सांगितला. तेवढ्याने त्या दुकानापुरती एक मराठी विचारणा कमी झाली, हे आमच्या मनातून जाईना.

ह्या दिवसांत बाजारात काय घ्यावे, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कारण शहरातील मंडईत बारा महिने सारे मिळू लागल्यापासून ऋतूचा हिशेब आपण विसरत चाललो आहोत.

पहिला मान वांग्यांचा. आपल्याकडील अनेक घरांत आषाढी एकादशीपासून कांदा, लसूण व वांगे वर्ज्य असते. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगे पुन्हा ताटात येते. ह्या व्रतामागे शेतीचे शहाणपणही असावे असे आम्हांस वाटते. पावसाळ्यातील वांग्यांत कीड फार. थंडी पडू लागली की झाड सुधारते, फळाला चकाकी येते आणि गर गोड होतो. भरताचे वांगे घेताना ते हातात घेऊन पाहावे. आकाराच्या मानाने हलके असेल तर बिया कमी. देठ हिरवा व टवटवीत, साल ताणलेली असावी. दाबल्यावर खड्डा तसाच राहिला तर वांगे शिळे समजावे.

दुसरी, हरभऱ्याची भाजी. हरभरा पेरून महिना-सव्वा महिना झाला की त्याचे शेंडे खुडतात. शेंडा खुडला की झाड वर न जाता फांद्यांनी पसरते आणि घाटे अधिक धरते. म्हणजे ही भाजी शेतकऱ्याला पिकाच्या राखणीतून मिळालेली वरकमाई. ती खुडणाऱ्या बायाच बाजारात आणतात. पाला आंबूस लागतो, तो पानांवरच्या खारामुळे. म्हणून ही भाजी फार धुऊ नये. कच्चाच पाला बारीक चिरून, कांदा, मिरची, मीठ आणि कच्चे तेल घालून केलेला घोळाणा ज्याने ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ला नाही, त्याला वऱ्हाड-नागपूरकडचा हिवाळा कळला नाही.

तिसरे, सोले. तुरीच्या हिरव्या शेंगा कार्तिकाच्या अखेरीस येऊ लागतात. दाणा भरलेला पण सुरकुतलेला नसावा. शेंग दाबून पाहिली की कळते. शेंगा सोलावयास वेळ लागतो खरा, पण संध्याकाळी सारे घर परातीभोवती बसते, आणि सोलेभाताचा पहिला वास सुटेपर्यंत गावातल्या निम्म्या बातम्या सांगून होतात. ह्याखेरीज आवळे, शिंगाडे, उतरणीला लागलेली सीताफळे, पेरू, मुळे, मेथी, कांद्याची पात. यादी वाढवीत नाही. कारण ह्या दिवसांत बाजाराचा राजा एकच, तो म्हणजे संत्रा.

संत्र्याला आमच्याकडे दोन बहार. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंब्या बहार. त्याची फळे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत उतरतात. पावसाच्या तोंडी फुलतो तो मृग बहार. त्याची फळे फेब्रुवारीनंतर येतात. फूल हवे तेव्हा धरावे म्हणून बागेला काही दिवस पाणी तोडतात. ह्यास ताण देणे म्हणतात. तहानलेल्या झाडाला मग पाणी मिळाले की ते फुलावर येते. आंब्या बहाराची फळे साऱ्या उन्हाळाभर झाडावर असतात, आणि वैशाखात विहीर आटली तर तीच पहिली गळतात. तेव्हा कार्तिकात आपल्या हाती येणारे फळ आठ-नऊ महिन्यांचे असते. त्यात एक उन्हाळा, एक पावसाळा, बुरशी, कोळशी, डिंक्या आणि गळ एवढ्या साऱ्यांतून वाचून ते आलेले असते.

नातवाने पिवळीधमक फळे निवडावयास घेतली. आम्ही त्यास थांबविले. संत्र्याचा रंग गोडीने येत नाही, रात्रीच्या गारव्याने येतो. हिरवट अंगाचे फळही आतून पिकलेले असू शकते. आंबा वा केळे ह्यांप्रमाणे संत्रा तोडल्यावर पिकत नाही. झाडावर जेवढी गोडी आली तेवढीच. म्हणून फळ हाताला जड लागते की नाही ते पाहावे. फार पोकळ, फुगलेल्या सालीचे घेऊ नये. आणि देठाशी पाहावे. कात्रीने देठ राखून तोडलेले फळ टिकते. ओढून तोडलेल्याची साल देठाशी फाटते आणि तेथूनच ते नासते. रस काढून ठेवू नये. नागपुरी संत्र्याचा रस काही वेळ ठेवला की कडवट होतो. काढावा आणि तत्काळ प्यावा. बाटलीत भरून विकावयास हे फळ इतके अवघड का गेले, त्याचे एक कारण हेही आहे.

‘नागपुरी’ हा शब्द आम्ही सहजच वापरला, पण त्यातही एक गंमत आहे. सीमेच्या पलीकडे काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी. अलीकडे पांढुर्णा आणि सौंसर. जमीन सारखी, कलमे सारखी, जंबेरीच्या खुंटावर डोळा भरण्याची रीत सारखी. दिल्लीच्या वा कलकत्त्याच्या बाजारात आमचे फळ उतरते ते नागपूरचे म्हणूनच. नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हांसही आनंद झाला. मात्र पेटीवर पांढुर्ण्याचे नाव नसते, ही खंतही आहे. जुन्या काळी सौंसरहून नागपूर-छिंदवाडा अरुंद मार्गाच्या छोट्या गाडीने बाजारकरी मंडळी टोपल्या घेऊन जात. ती गाडी डिसेंबर २०१५ मध्ये मार्ग रुंद करण्यासाठी बंद झाली, आणि आता तेथून मोठी गाडी धावते. पांढुर्णा तर नागपूर-इटारसी ह्या हमरस्त्यावरचेच स्थानक. माल जाण्यास वाट आहे. प्रश्न आहे तो माल जातो कोणाच्या भावाने, हा.

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस एका संत्रेवाल्याकडून मिळाले. बाजाराच्या टोकाला, पाल नाही, तागडीही शेजाऱ्याची मागून घेतलेली, असा एक चाळिशीचा गृहस्थ लहान लहान संत्र्यांचा ढीग घालून बसला होता. सौंसरकडच्या एका खेड्यातला. ह्या लहान फळाला व्यापारात चुरी म्हणतात. प्रतवारीत मोठे व मध्यम फळ निवडून झाले की मागे राहते ती चुरी. तिला दूरच्या बाजारात भाव नाही. ती एक तर मातीमोलाने जाते, नाही तर आठवडी बाजारात येते. गोडीला मात्र ती मुळीच कमी नसते. किंबहुना आमच्या मते अधिकच असते.

परंतु त्याच्या ढिगात चुरीबरोबर मोठी, निर्दोष फळेही मिसळलेली होती. अशी फळे येथे का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “बाग गुत्त्यानं देली होती भाऊ. व्यापारी आला, इसार देऊन गेला. मंग भाव पडला, तं तो फिरकलाच नाही. फोन बी उचलत नाही. आता झाडावर ठेवली तं झाडाले ओझं होते, पुढचा बहार जाते. म्हणून तोडली.”

वाचकांस ही रीत ठाऊक असावी म्हणून सांगतो. संत्रा बहुतांशी बागेतच, झाडावर असताना विकला जातो. व्यापारी बाग पाहतो, अंदाज करतो, गुत्ता ठरतो, इसार म्हणून काही रक्कम देतो, आणि उरलेली तोडणीच्या वेळी. भाव चढला तर फायदा व्यापाऱ्याचा, कारण गुत्ता आधी ठरलेला असतो. भाव उतरला तर इसारावर पाणी सोडून तो निघून जातो, आणि तोटा शेतकऱ्याचा. उघड्या लिलावाने भाव मिळावा ह्या हेतूने मध्य प्रदेशात १९७२ मध्ये कृषी उपज मंडीचा कायदा झाला. पण जे फळ मंडीच्या दारापर्यंत येतच नाही, त्याला त्या दाराचा काय उपयोग?

आणि भाव का पडतो? त्याचे एक कारण पांढुर्ण्यापासून शेकडो कोस दूर आहे. नागपुरी संत्र्याचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. तेथे ह्या फळावरचे आयातशुल्क २०१९ मध्ये किलोमागे सुमारे २० रुपये होते. वर्षावर्षाला चढत ते २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेले. साहजिकच तिकडे जाणारा माल आटला, तोच माल देशातल्या बाजारांत येऊन पडला, आणि सौंसरजवळच्या खेड्यातील एका बागेचा इसार वाया गेला. जाम नदीकाठचा माणूस ढाक्याच्या निर्णयाने नाडला जातो. त्याला ढाका ठाऊक नाही आणि ढाक्याला तो ठाऊक नाही.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. ती आम्हांस भूषणावह नाही. दिवस कलला होता. आम्ही परतताना त्याच्या ढिगाशी पुन्हा थांबलो. सकाळचा ढीग अर्ध्यावर आला होता. दोन किलोंचे त्याने पन्नास रुपये सांगितले. आम्ही, केवळ जिभेच्या सवयीने, “चाळीस दे,” म्हणून बसलो. आमची अपेक्षा अशी की तो पंचेचाळीस म्हणेल, आम्ही मान डोलावू, आणि बाजाराचा रिवाज पुरा होईल. तो काहीच बोलला नाही. “घ्या,” एवढेच म्हणाला आणि तागडीत संत्री घालू लागला.

शेजारी त्याच भाजीवाल्या मावशी उरलेली वांगी गोणपाटात आवरीत होत्या. त्या आमच्याकडे न पाहताच म्हणाल्या, “भाऊ, त्यानं ‘घ्या’ म्हटलं म्हणजे त्याले परवडलं असं नाही. सांजच्याले परत नेणं परवडत नाही, म्हणून म्हटलं.”

आयुष्यभर बाजार केलेल्या माणसाला हे कोणी सांगावे लागावे, ह्याची लाज वाटली. सकाळी घासाघीस होते ती बरोबरीची असते. त्याच्यापुढे सारा दिवस असतो, आपल्यापुढे सारा बाजार. दोघांनाही नाही म्हणण्याची मुभा असते. दिवेलागणीला ती मुभा एकट्या गिऱ्हाइकाकडे उरते. भाडे भरून आणलेला, वाटेत अर्धा दबलेला माल पुन्हा भाडे भरून परत न्यावयाचा, की मिळेल त्या भावाला टाकावयाचा? व्यापाऱ्याने बागेत त्याच्याशी जे मोठ्या प्रमाणावर केले, तेच आम्ही दहा रुपयांत करावयास निघालो होतो.

आम्ही पन्नासाची नोट दिली. त्याने खिशात हात घातला. आम्ही ‘राहू दे’ म्हटले. तो क्षणभर थांबला, मग वाकून ढिगातली चार संत्री वेचली आणि आमच्या पिशवीत टाकली. वरच्या दहा रुपयांची. फुकटचे घेणे त्याला मंजूर नव्हते. नातू हे सारे पाहत होता. त्याने त्या गृहस्थास विचारले, “काका, ही चुरी आहे ना?” मराठीत विचारले. तो गृहस्थ दिवसात पहिल्यांदाच हसला आणि म्हणाला, “हो बाबू, पन गोड आहे.”

आठवडी बाजार ह्या शेतकऱ्याला तारील असे आम्ही म्हणणार नाही. एका बागेची फळे एका गावाने खाऊन संपणारी नव्हेत. त्याला हवा आहे तो पाळला जाणारा करार, तोडल्यावर फळ टिकेल अशी शीतगृहाची सोय, आणि गुत्त्यात बुडालेल्या रकमेबद्दल दाद मागावयास जागा. पण बाजार एवढे निश्चित करतो की व्यापाऱ्याने नाकारलेल्या मालाला गिऱ्हाईक देतो, आणि ते रोखीने, त्याच दिवशी. त्या संध्याकाळी त्याच्या हाती आलेल्या पैशांतून तोडणाऱ्यांची मजुरी भागली असेल. बहार वाया गेलेल्या वर्षी तेवढेही थोडे नसते. आणि शाळेने नाकारलेल्या आमच्या सांबार-भेदऱ्यांनाही ह्याच बाजारात गिऱ्हाईक मिळते. दोन्ही गोष्टी एकाच गोणपाटावर मांडलेल्या असतात, आणि गिऱ्हाईक येईनासे झाले तर दोन्ही एकदमच उठतील.

म्हणून आमच्या घरी त्या दिवसापासून काही गोष्टी ठरल्या आहेत. त्या थोड्या आहेत आणि कोणालाही जमण्याजोग्या आहेत. संत्री घ्यावयाची ती आठवड्याला पुरतील एवढी, आणि त्यांत निम्मी तरी चुरी. मोठी फळे पाहुण्यांपुढे ठेवावी. रसाला, मुलांच्या खिशाला आणि घरच्या बर्फीला चुरीच बरी. साली टाकावयाच्या नाहीत. सावलीत वाळवून, कुटून उटण्यात घालावयाच्या. भावाची घासाघीस करावयाची ती सकाळी, दिवे लागल्यावर नाही. आणि भाव मराठीत विचारावयाचा. समोरच्याने हिंदीत सांगितला तर हिंदीत बोलावे, त्यात कमीपणा नाही. परंतु पहिला शब्द आपला असावा.

ज्या वाचकांचे गाव पांढुर्ण्यापासून दूर आहे, त्यांच्याही शहरात ह्या दिवसांत कोठे ना कोठे, एखाद्या पुलाखाली वा रस्त्याच्या वळणावर, हातगाडीवर लहान लहान संत्री दिसतील. पेटीवर नागपूरचे नाव असेल. एखादे वेळी थांबून ती कोठली आहेत हे विचारावे. विकणाऱ्याला ठाऊक नसण्याचाच संभव अधिक. पण घरी आल्यावर मुलांना चुरी हा शब्द तरी सांगता येईल.

नातू इंदुरास परत गेला. जाताना त्याच्या पिशवीत आम्ही दोन किलो संत्री, सोललेले सोले आणि वाळलेल्या सालींची पुडी घातली. चार दिवसांनी त्याच्या आईचा दूरध्वनी आला. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे जाऊन चिरंजीवांनी सांबार मागितला होता, आणि भाजीवाल्याने त्यांना समोरच्या इडलीच्या गाडीकडे पाठविले होते.